फेन्स रंगवायची असेल तर आधी बसायची तयारी ठेवा

पिट्सबर्गला कार्नेगी मेलनमध्ये एमएस करायला आलात, खोली मिळाली, बँकेचं खातं उघडलं, प्रेशर कुकरची शिट्टी ऐकून रूममेट दचकून झाला. आता कधीतरी कॅम्पसमधून चालताना एक जाडजूड, बेढब, रंगांनी थबथबलेलं कुंपण दिसेल. ना ते काही अडवतं, ना कशाला वेढतं. हिरवळीवर नुसतंच उभं असतं. दोनतीन मुलं त्याच्या शेजारी तंबू ठोकून लॅपटॉपवर असाइनमेंट करत बसलेली असतात. हीच ‘द फेन्स’. तिची पद्धत कळायला मला पहिलं अख्खं सेमिस्टर लागलं, तुम्हाला एवढं लागू नये म्हणून हे लिहितो आहे.

आधी ती सापडू दे

फोर्ब्स ॲव्हेन्यूवरून आत शिरलात की एक तिरका, प्रचंड उंच खांब आणि त्यावरून आभाळाकडे चालत निघालेली माणसं दिसतात. ते ‘वॉकिंग टू द स्काय’ हे शिल्प. फेन्स म्हणजे ते नव्हे. शिल्पाला हात लावायचा नाही, रंग तर सोडाच. तिथून आत पसरलेल्या लांबट हिरवळीला ‘द कट’ म्हणतात. त्याच कटवर, कोहॉन युनिव्हर्सिटी सेंटरपासून हाकेच्या अंतरावर फेन्स आहे. खांब आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे, बस्स एवढंच. पण रंगांचे इतके थर चढलेत की मूळ कोपरे कुठे होते ते आता हाताने चाचपूनही कळत नाही. कुठे टवका उडाला असेल तर वाकून बघा. सुरीने कापलेल्या कांद्यासारखे पापुद्रे दिसतात: निळा, पांढरा, गुलाबी, काळा, पुन्हा पांढरा. एकेक पापुद्रा म्हणजे कुणाची तरी एकेक जागलेली रात्र.

थोडं मागचं

हे वगळलंत तरी चालेल, पण पहाऱ्याला बसल्यावर कुणीतरी विचारतंच.

हा कट पूर्वी सपाट नव्हता, तिथे घळ होती आणि घळीवर पूल. अँड्र्यू कार्नेगीने 1900 मध्ये इथे तांत्रिक शाळा काढल्या. मुलींसाठी जे कॉलेज निघालं त्याला त्याच्या आईचं नाव दिलं, मार्गारेट मॉरिसन. मुलगे आणि मुली भेटायचे ते त्या पुलावर. पुढे घळ बुजवली, पूल गेला, भेटायची जागाही गेली. मग 1923 मध्ये कॉलेजने भेटीगाठींसाठी म्हणून एक लाकडी कुंपण उभं केलं. मुलांना ते मुळीच आवडलं नाही. कॅम्पसमध्ये सांगतात ते असं की शेवटी ते पाडायचंच ठरलं, आणि पाडण्याच्या आदल्या रात्री काही मुलांनी त्यावर आपल्या पार्टीची जाहिरात रंगवली. पार्टीला एवढी गर्दी झाली की कुंपण वाचलं.

त्यानंतर ते रंगत राहिलं. ‘जगातली सर्वांत जास्त वेळा रंगवलेली वस्तू’ म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली. शेवटी 1993 मध्ये ते लाकडी कुंपण स्वतःवरच्या रंगाच्या ओझ्याने कोसळलं. माझ्या मते याहून मानाचं मरण कुठल्याच कुंपणाला आलं नसेल. लगेच त्याच जागी तसंच दिसणारं नवं उभं केलं, पण सिमेंट काँक्रीटचं, आत लोखंडी गज घालून. आज आपण रंगवतो ती ही दुसरी फेन्स.

नियम, आणि त्यातला मुख्य नियम

हातातल्या ब्रशनेच रंगवायचं. स्प्रे नाही, रोलर नाही. रंगवायचं ते मध्यरात्रीनंतर आणि उजाडायच्या आत. आणि जोवर तुमच्या गटातलं माणूस तिथे पहारा देतं आहे, तोवर दुसऱ्या कुणालाही तिला ब्रश लावता येत नाही.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा, कारण सगळी गंमत त्यातच आहे. एसटी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं इथे चालत नाही. बॅग ठेवली, खुर्ची ठेवली, कागद चिकटवला, काही उपयोग नाही. तिथे माणूस लागतो, आणि तो जागा लागतो. रंगवणं हे दोनतीन तासांचं काम आहे. फेन्स मिळते ती बसून, टिकते तीही बसूनच.

हे नियम युनिव्हर्सिटी अधूनमधून बदलते. तेव्हा माझ्या किंवा कुठल्याही सीनियरच्या सांगण्यावर न जाता, बसण्यापूर्वी विद्यार्थी नियमावलीतलं फेन्सचं पान एकदा स्वतः वाचा. दहा मिनिटांचं काम आहे.

दिवस कसा निवडायचा

नव्या मराठी मुलांना साहजिकच पहिल्यांदा गणपती आठवतो. पण तेव्हा सेमिस्टर नुकतंच सुरू झालेलं असतं, तुमची धड ओळखही झालेली नसते आणि पहाऱ्याला माणसं मिळत नाहीत. दिवाळी सगळ्यांच्याच मनात असते, म्हणजे बाकीच्या भारतीय गटांच्याही. शिवाय ऑक्टोबरअखेरपर्यंत थंडी चांगलीच उतरते.

माझं मत कोजागरी. हवा गार असते पण बोचरी नसते, मिडटर्मचा एक लोंढा बहुधा ओसरलेला असतो, आणि दुसरं म्हणजे ही रात्र आपल्याकडे मुळात याच कामासाठी राखलेली आहे. लक्ष्मी ‘को जागर्ति?’ असं विचारत फिरते म्हणतात, कोण जागं आहे? फेन्सचा नियम वेगळं काय सांगतो? आटीव दूध मध्यरात्री प्यायचं, रंगही मध्यरात्रीच उघडायचा. चंद्राचं मात्र सांगता येत नाही. पिट्सबर्गचं आभाळ वर्षातले बरेच दिवस गोधडी पांघरून असतं. आमच्या कोजागरीला चंद्र शेवटपर्यंत दिसला नाही. आम्ही दिव्याच्या खांबाला दूध दाखवलं.

तारखेआधी आठवडाभर जाता-येता फेन्सवर नजर ठेवा. कोण बसलंय, रोज तेच आहेत का, त्यांचा कार्यक्रम कधी आहे. सरळ जाऊन विचारायला लाजू नका. “तुम्ही किती दिवस आहात? आम्हाला अमुक रात्र हवी होती,” एवढं विचारलं की बहुतेक लोक मोकळेपणाने सांगतात, आणि उठण्याआधी निरोपही धाडतात. काही गट दिवसच्या दिवस बसतात. त्यांच्याशी हुज्जत घालू नका, तारीख बदला.

पहाऱ्याचं गणित

चोवीस तास धरायची तर चार-चार तासांच्या सहा पाळ्या. प्रत्येक पाळीला दोघं, म्हणजे बारा जण. बाराच्या जागी पंधरा नावं घ्या, कारण ऐन वेळी कुणाचा कोड चालत नाही, कुणाला ताप येतो आणि कुणी नुसतंच झोपून राहतं. पहाटे दोन ते सहाची पाळी ज्यांना आपसात बोलायला आवडतं अशांना द्या. गप्पिष्ट माणूस हा या खेळातला सर्वांत मोलाचा ऐवज आहे.

दोघं का, तर एकाला बाथरूमला जाता यावं म्हणून. हे शहाणपण आम्हाला फुकट मिळालेलं नाही. पहिल्या वर्षी दिवाळीसाठी आम्ही दुपारी बसलो होतो. संध्याकाळी पाळीवर असलेले दोघं “दोनच मिनिटं” म्हणून एकत्र कॉफी आणायला गेले. खुर्च्या होत्या, बॅगा होत्या, कंदिलाचा सांगाडासुद्धा तिथेच होता. परत आले तर खुर्च्यांच्या पलीकडे चार अनोळखी मुली गवतावर मांडी घालून बसलेल्या. त्यांनी आमच्या बॅगा नीट एका बाजूला रचून ठेवल्या होत्या आणि आमच्याकडे बघून गोड हसल्या. भांडायला काही जागाच नव्हती. नियमाप्रमाणे फेन्स त्यांची झाली होती. आम्ही सांगाडा उचलला आणि चालू पडलो.

तेव्हा पाळी बदलताना नवे दोघं येऊन बसल्याशिवाय जुन्यांनी उठायचं नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर “निघालोय” असा मेसेज आला म्हणजे माणूस निघाला असं नव्हे, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

सोबत काय न्यायचं: स्लीपिंग बॅग किंवा जाड रजई, खाली अंथरायला ताडपत्री (गवत रात्री दवाने ओलं होतं), पॉवर बँक, कानटोपी, थर्मास. थंडी पायांतून चढते, मोज्यांचे दोन जोड घाला. आमच्यात सोलापूरची एक मैत्रीण होती. तिने आयुष्यात पहिल्यांदा कानटोपी घातली ती इथे, आणि सकाळपर्यंत काढली नाही.

रंगाची खरेदी

पाण्यात मिसळणारा, घराच्या बाहेरच्या भिंतींसाठीचा रंग घ्या. दुकानात त्याला ‘एक्स्टेरियर लेटेक्स’ म्हणतात. ऑइल पेंट चुकूनही नको: वाळायला वेळ लागतो, वास मारतो आणि ब्रश धुवायला टर्पेंटाइन लागतं. ईस्ट लिबर्टीच्या होम डेपोत किंवा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात गेलात की आधी रंग मिसळायच्या काउंटरजवळची फळी बघा. गिऱ्हाइकासाठी कालवलेला पण त्याला न आवडलेला रंग तिथे पडेल भावात ठेवलेला असतो. त्यात भगवा सापडेलच असं नाही, पण बेससाठी जो मिळेल तो चालतो.

गडद बेस आणि वर फिकी अक्षरं, हा सर्वांत सोपा मार्ग. फक्त पिवळा आणि केशरी यांच्यापासून सावध: हे रंग खालचं झाकत नाहीत. काळ्यावर थेट पिवळा मारलात तर शेवाळं दिसतं. पिवळं अक्षर हवं असेल तर तेच अक्षर आधी पांढऱ्याने काढा, ते वाळू द्या, मग पिवळं फिरवा.

एक गॅलनचा डबा, म्हणजे पावणेचार लिटर, साधारण पाच किलोंचा भरतो आणि त्याची तारेची कडी बोटांना कापते. बसमधून चार डबे आणायचे तर चौघांनी जा. बेससाठी तीनचार इंची ब्रश, अक्षरांसाठी एक इंची आणि अर्धा इंची. खडू, जुने टी-शर्ट पुसायला, आणि डबा उघडायला एक पेचकस. पेचकस सगळेच विसरतात. आम्ही डबा खोलीच्या किल्लीने उघडला, ती किल्ली अजून वाकडी आहे.

देवनागरी लिहिताना

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे तुम्हाला इंग्रजी लिहिणारे सीनियर सांगू शकत नाहीत.

रोमन मोठी अक्षरं चौकोनी विटांसारखी असतात, दांड्यावर ओळीने रचली की झालं. आपली लिपी तीन मजल्यांची. मधला मजला अक्षराचा, वरचा वेलांट्या-मात्रांचा, खालचा उकारांचा. आणि दांड्याची रुंदी बेताची. आमचा पहिला बेत होता ‘को जागर्ति’ लिहायचा. नागपूरच्या मित्राने कागदावर दांडा आखून ते लिहून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की त्या ‘र्ति’च्या डोक्यावर वेलांटी आणि रफार दोघांनाही जागा हवी. बिचारं अक्षर तळाशी चेपून मुंगीएवढं झालं. ‘दिवाळीच्या शुभेच्छा’ त्याहून अवघड: दोन वेलांट्या, एक मात्रा, शिवाय ‘शु’चा उकार खाली लोंबतो, आणि ‘च्छा’ अंधारात नीट काढून दाखवणाऱ्याला मी स्वतः दूध पाजेन. ‘जय महाराष्ट्र’चा उत्साह असतो, पण त्या ‘ष्ट्र’ची बैठक आधी कागदावर जमवून बघा.

मग शोध सुरू झाला तो वर-खाली काहीच नसलेल्या शब्दांचा. ‘फराळ’ आहे. ‘पाडवा’ आहे. आणि रात्री साडेदहाला कुणीतरी म्हणालं, अरे, ‘नमस्कार’! एक वेलांटी नाही, एक उकार नाही, एक मात्रा नाही. इतकी वर्षं लिहितो आहोत, पण हा शब्द असा एका मजल्याचा आहे हे कधी डोळ्यांना दिसलंच नव्हतं.

असा सपाट शब्द मिळाला तर दांड्याची वरची कड हीच शिरोरेघ माना. ती कड टोकापासून टोकापर्यंत एका रंगात ओढा आणि अक्षरं तिला दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी टांगा. दुरून फार छान दिसतं. मात्रा-वेलांट्या असलेलाच शब्द हवा असेल तर शिरोरेघ कडेपासून पाव रुंदी खाली घ्या, मधली अर्धी अक्षराला द्या आणि खालची पाव उकारांसाठी सोडा. दोन खांबांमध्ये किती अक्षरं बसतात ते दिवसा उजेडी मोजा. शब्द खांबावर तुटू देऊ नका. जोडाक्षर तर मुळीच नको.

आणि शुद्धलेखन तपासायला एक माणूस नेमा, ज्याच्या हातात ब्रश नसेल. रात्री दोन वाजता ‘शुभेच्छा’मधला ‘च’ खाल्ला जातो आणि सकाळी कुणाच्या तरी आईला व्हिडिओ कॉलवर तो सर्वांत आधी दिसतो.

प्रत्यक्ष रात्र

संध्याकाळी हवामान बघा. पाऊस असेल तर मुकाट्याने पुढे ढकला, ओला लेटेक्स पावसात वाहून जातो. बहुतेक रंगांच्या डब्यावर दहा अंश सेल्सिअसच्या वर वापरा असं लिहिलेलं असतं (इथे ते 50 फॅरनहाइट दिसेल). ऑक्टोबरच्या रात्री पारा त्याच्या खाली सहज जातो. म्हणून थर पातळ द्या. जाड थर वरून वाळलेला वाटतो, आत ओला राहतो आणि अक्षराचा ब्रश लागला की सालासकट निघून येतो.

बारा वाजेपर्यंत डबे उघडून, ढवळून, ब्रश वाटून तयार राहा. बाराला बेस. सगळ्यांनी एका टोकापासून न लागता फेन्सवर पसरून लागा, वीस-पंचवीस मिनिटांत होतो. खालच्या बाजू आणि खांबांची मागची अंगं राहून जातात, मोबाइलच्या उजेडात एक चक्कर मारा. मग तास-दीड तास काही करायचं नाही. ही दुधाची वेळ. केशर, वेलदोडा, चारोळी घातलेलं आटीव दूध थर्मासमध्ये असेल तर शेजारून जाणारे अनोळखी लोकही थांबतात. आमच्याकडे एक दक्षिण कोरियाचा मुलगा थांबला, दोन कप प्याला आणि जाताना अर्धा खांब रंगवून गेला.

बेस बोटाला चिकटेनासा झाला की खडूने अक्षरं आखा. मास्किंग टेप नको, अर्धवट वाळलेला रंग तिच्यासोबत उपटून येतो. अक्षरं काढायला ज्यांचा हात स्थिर आहे असे दोघंतिघंच ठेवा. बाकीच्यांना मागची बाजू द्या, तिथे पणत्या, आकाशकंदील, हवं ते काढू दे. दिव्यांच्या उजेडात गडद निळा आणि काळा सारखेच दिसतात, डब्यांच्या झाकणांवर नावं लिहून ठेवा. आमचा एक आकाशकंदील त्यामुळे अर्धा शोकमग्न झाला होता.

काय लिहू नये हे थोडक्यात: कुणाचं नाव घेऊन टोमणे नकोत, शिव्या नकोत, आणि आपल्या लिपीत आहे म्हणून कुणाला कळणार नाही या भरवशावर तर काहीच नको. कॅम्पसवर देवनागरी वाचणारे तुम्हाला वाटतात त्यापेक्षा बरेच आहेत.

उजाडायच्या आत ब्रश खाली. ते ओले आहेत तोवरच साबणाच्या पाण्याने धुवा, वाळले की फेकायचेच. उरलेला रंग गटारात किंवा गवतावर ओतू नका. झाकण ठोकून पुढच्या गटाला देऊन टाका, तो कधीच नाही म्हणत नाही. गवतावरचे कप आणि कागद उचला.

त्यानंतर

रंगवून झालं की दोन पर्याय. पहारा चालू ठेवलात तर तुमचा मजकूर राहील. उठलात तर पुढच्या मध्यरात्री जाईल. पहिल्यांदाच रंगवणाऱ्यांना तो निदान एका दिवसापुरता तरी राहावा असं वाटतं, म्हणून एका जादा दिवसाच्या पाळ्या आधीच लावून ठेवा. रात्रभर जागल्यावर सकाळी नऊला नावं मागायला गेलात तर कुणी फोन उचलणार नाही.

आणि दिवसाची पाळी टाळू नका, तीच जास्त मजेची असते. लेक्चरला जाणारे थांबतात, विचारतात की हे काय लिहिलंय. “इट सेज हॅलो,” असं सांगितलं की काहींचा चेहरा जरा पडतो, एवढ्या रंगात एवढंच? मग हात जोडून दाखवलं की तेही जोडतात. एक प्रोफेसर रोज त्याच वाटेने जायचे, त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःहून दुरून हात जोडले.

दुसऱ्या रात्री पावणेबाराच्या सुमाराला सातआठ मुलं डबे घेऊन आली. त्यांच्याकडे पेचकस नव्हता. आम्ही आमचा दिला, थर्मासच्या तळाशी राहिलेलं गार दूध वाटलं, घड्याळात बारा वाजल्यावर खुर्च्या घड्या केल्या. त्यांनी सुरुवात ‘र’कडून केली.